आमची वाटचाल : टाचेतल्या थेंबापर्यंत

२००९ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात आम्ही लॅब टाकली. एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज आणि आम्ही नवराबायको, दोघंही डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञ). मलेरियाच्या स्लाइडा, हिमोग्लोबिन, लघवी यावरच पहिली काही वर्षं निघाली. तान्हं लेकरू आलं की मात्र धडकी भरायची. शीर सापडायची नाही, आणि आजी दारातूनच विचारायची, "एवढ्याशा जीवाचं रगत काहून काढता जी?"

२०१३ मध्ये आमच्या हातून चूक झाली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, किती आहे ते सांगायला नको. तीन महिन्यांचा मुलगा, आई सिकलसेलची वाहक. मी सोल्युबिलिटी टेस्ट केली. यात सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. इथे त्या काळ्या रेघा स्वच्छ दिसल्या, म्हणून 'निगेटिव्ह' लिहून दिलं. वर्षाच्या आत तेच लेकरू हातापायाचे पंजे सुजून आलं. चांदीचा वाळा मनगटात रुतला होता. नागपूरहून एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी) रिपोर्ट आला : एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, खुद्द आजारच.

जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. सिकलचं इतकं थोडं, की द्रावण गढूळच होत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही तपासणी चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. आजार वेळेत कळला असता तर दुसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन सुरू होऊन जंतुसंसर्गापासून त्याला संरक्षण मिळालं असतं. मी त्यांच्या घरी गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं.

त्यानंतर आम्ही बाळांचं काम नव्यानं शिकलो. टाच कोमट कापडानं शेकायची, कडेला टोचायचं (मधोमध कधीच नाही), पहिला थेंब पुसून पुढचा फिल्टर पेपरच्या गोलात पडू द्यायचा. कार्ड सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं. घाई केली की नमुना वाया. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात रुळवलेली ही पद्धत आमच्या टेबलावर पोचायला अर्धं शतक लागलं. वाळलेलं कार्ड बर्फाशिवाय पाकिटातून नागपूरला जातं, आणि त्यावरूनच सिकलसेलही कळतो, थायरॉइडची जन्मजात कमतरताही. थायरॉइडची गोष्ट तर फार जपण्यासारखी. बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं, पण गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तरच मेंदूची वाढ नीट होते. जन्मानंतर लगेच टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, तपासणीत हेच मोजतात) आपोआप वाढलेला असतो, म्हणून नमुना ४८ तासांनंतरच घ्यायचा. नेमकी तेव्हाच बाळंतीण घरी जायची घाई करते.

खरी अडचण पुढेच असते. रिपोर्ट येईस्तोवर बाळंतीण माहेरी गेलेली, फोन बंद. आता आम्ही कार्डावर सासरचा, माहेरचा आणि आशाताईंचा असे तीन नंबर लिहून घेतो. तरीही दोनदा मला मोटरसायकलनं गावं शोधत जावं लागलं.

१ जुलै २०२३ ला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून लोक स्वतःहून विचारतात. हे फार बरं झालं.

तो मुलगा आता सातवीत आहे. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू आहे, सीबीसीला (रक्तपेशींची मोजणी) आमच्याकडेच येतो. नव्या मशीनला बोटातले दोन थेंब पुरतात. त्याची धाकटी बहीण जन्मली, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच त्याचे वडील पायरीवर बसले होते. म्हणाले, "भाऊ, टाचेचं कार्ड घेऊन चला."