ओर्तीजातला चौथा दिवस

मंगळवारी दुपारी साडेबाराला फोन आला तेव्हा मी नुकतीच पानावर बसले होते. सिसिलीतल्या कातानियाहून गाड्या पुरवणाऱ्या सप्लायरचा माणूस होता. "मॅडम, तुमचे दोन पॅक्स पिकअपला आलेले नाहीत." आमच्या सहली आखून देण्याच्या धंद्यात प्रवाशाला पॅक्स म्हणतात. पहिल्या नोकरीत हा शब्द कानाला टोचायचा, आता मीही सर्रास वापरते.

गाडी साडेआठपासून ओर्तीजाच्या तालेते पार्किंगमध्ये उभी होती. आतल्या गल्ल्यांत गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी येतो. म्हणून दिवसभराच्या सहलीची गाडी आम्ही शक्यतो या पार्किंगमध्येच लावायला सांगतो. अर्धा तास वाट पाहायची, मग नो-शो, प्रवासी आलाच नाही अशी नोंद. नो-शो म्हणजे शंभर टक्के पैसे बुडाले.

काकांचा फोन वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं. काका चौऱ्याहत्तरचे, काकू सत्तरच्या.

पुण्यात साडेबारा म्हणजे सिसिलीत सकाळचे नऊ आणि न्यू जर्सीत पहाटेचे तीन. तिथे त्यांचा मुलगा झोपलेला होता. सहलीचे सगळे पैसे त्याने भरले होते. तो सातला उठतो आणि उठल्याउठल्या मला मेसेज करतो. सात म्हणजे आपले दुपारचे साडेचार. माझ्याकडे चार तास होते.

हे जोडपं माझ्याकडे जानेवारीत आलं. काका सांगली जिल्ह्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "आर्किमिडीजला जिथे मारलं, त्या गावात मला आठ दिवस नुसतं बसायचंय." काकू म्हणाल्या, "मला चढ-उतार नको आणि सकाळचा चहा माझ्या हातचा हवा." इतकी स्पष्ट मागणी मला वर्षातून एखाद्या वेळी मिळते. बाकी लोक येतात ते रील दाखवत. दहा दिवसांत किती देश होतील, हा पहिला प्रश्न.

सिराकूसा हे सिसिलीच्या आग्नेय किनाऱ्यावरचं शहर आणि ओर्तीजा हा त्याचा सगळ्यात जुना भाग. मुख्य भूमीला पुलांनी जोडलेलं चिमुकलं बेट, या टोकाकडून त्या टोकाला आरामात चालत वीसेक मिनिटं. रोमनांनी शहर जिंकलं ते इ.स.पू. २१२ मध्ये, आर्किमिडीज तेव्हाच मारला गेला. रोमन वक्ता सिसेरोला त्याची कबर झुडपांत सापडली होती, वर गोल आणि वृत्तचिती कोरलेली, हे मला काकांनी सांगितलं. पुराणवस्तूंच्या उद्यानात आज पर्यटकांना जी दाखवतात ती कबर त्याची नाही, रोमन काळातली आहे, हेही त्यांना माहीत होतं. "खोटी असली तरी बघू," म्हणाले.

मग मुलाची एक्सेल फाइल आली. सात रात्रींत ताओर्मिना, एटना ज्वालामुखी, नोटो, रागुझा, आग्रिजेंतो, पालेर्मो. प्रत्येक गावाला वेगळा रंग. ऑगस्टच्या तारखा, कारण मध्ये दोन दिवस त्यालाही येऊन जाता आलं तर बरं. ऑगस्ट मी एका वाक्यात उडवला: ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकूसाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलंय, युरोपातला अधिकृत उच्चांक आहे तो. त्याने गुगल केलं आणि मे मान्य केला. बाकीचे रंग पुसायला मला तीन झूम कॉल लागले. शेवटी एकच रंग राहिला, चौथ्या दिवशी एटना आणि ताओर्मिना. जाऊन-येऊन अकरा तास.

हा दिवस काका-काकूंसाठी नाही, हे मला कळत होतं. तरी मी तो लिहिला. एक तर मुलगा दमत नव्हता. आणि दुसरं म्हणजे रिकाम्या दिवसावर मला काही सुटत नाही. घराच्या बुकिंगमध्ये हातात पडतं ते चहापाण्याइतकं, खरी कमाई गाडी आणि गाइडवर असते. कोटेशनच्या कागदावर 'आज काही नाही' असं सात वेळा लिहिलं तर पैसे भरणारा विचारतो, मग तुम्ही केलंत काय?

काय केलं ते सांगते, कारण ते कुणी विचारत नाही.

चौदा घरं पाहून मी एक निवडलं. इटलीत पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. पण ओर्तीजातल्या जुन्या वाड्यांची छतं उंच, आणि कधी कधी मध्ये एक बुटका पोटमजला असतो, जो कुणी मोजणीतच धरत नाही. म्हणजे 'पहिला मजला' म्हणून घ्यायचं आणि चाळीसेक पायऱ्या चढायच्या. तळमजल्यावर ओल असते आणि दार थेट गल्लीत उघडतं, उंबऱ्यापाशी स्कूटर. त्यामुळे मी 'लिफ्ट आहे का' असं विचारतच नाही. पायऱ्या मोजून सांगा, जिन्याचा फोटो पाठवा, कठडा कुठल्या हाताला आहे ते सांगा, असं विचारते. घरमालकीणबाईंनी बावीस पायऱ्या सांगितल्या, कठडा चढताना उजवीकडे. काकूंचा गुडघा डावा. चालेल.

मग शेगडीचा फोटो मागवला. इंडक्शन निघाली. काकूंचा छोटा कुकर ॲल्युमिनियमचा, तो इंडक्शनवर तापतच नाही. स्टीलचा घ्यायला लावला. पोचायचा दिवस शनिवार होता आणि अपोलोच्या देवळाजवळची मंडई रविवारी बंद, म्हणून दूध, पाव, टोमॅटो आणि लिंबं मालकीणबाईंकडून आधीच आणवून ठेवली. एटना राख उडवायला लागला की कातानियाचा विमानतळ बंद पडू शकतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांत आगाऊ पैसे अडकतील असं काही ठेवलं नाही. ग्रीक नाट्यगृहात १९१४ पासून प्राचीन नाटकं होतात. पण मे-जूनच्या त्या हंगामात दगडी पायऱ्या लाकडी बाकांखाली झाकलेल्या असतात, फोटोत पाहिलेला पांढरा दगड मिळत नाही. हे आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर परतल्यावर पहिली तक्रार तीच.

व्हिसाच्या काउंटरवरच्या मुलीने काकांना विचारलं होतं, "सात रात्री एकाच गावात? का?" निर्णय तिच्या हातात नसतो, वकिलातीच्या हातात असतो, तरी विचारतात. काका म्हणाले, "आपल्याकडे माणसं एकाच गावात सत्तर वर्षं राहतात." व्हिसा मिळाला, त्या उत्तरामुळे नसावा.

तर मंगळवार.

एक वाजता मी मालकीणबाईंना फोन लावला. त्या खालीच राहतात. वर गेल्या, दार वाजवलं, आणि माझ्याशी बोलता बोलताच म्हणाल्या की आत फोन वाजतोय. दुसऱ्या हातातून काकांना रिंग मीच देत होते. माझ्या पोटात गोळा आला. आत कुणी पडलं असेल तर? किल्ली त्यांच्याकडे होती, पण पाहुण्यांच्या परवानगीशिवाय दार उघडायला त्या तयार होईनात. अशा वेळी आमच्या व्हाउचरवरच्या अटी काडीच्या उपयोगाच्या नसतात. दहा मिनिटं माझ्या मोडक्या इटालियनमध्ये अक्षरशः गयावया केली, तेव्हा त्यांनी उघडलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

अंथरूण घडी घातलेलं. ओट्यावर स्टीलचा कुकर उपडा. टेबलावर फोन, चार्जिंगला लावलेला. मी म्हटलं, औषधांचा डबा दाखवा. सात कप्प्यांचा डबा काकूंनी मला निघायच्या आधी ऑफिसात दाखवला होता. त्यातला मंगळवारचा सकाळचा कप्पा रिकामा होता. म्हणजे उठलेत, गोळ्या घेतल्यात, चालत बाहेर गेलेत. मी खुर्चीत टेकले. आमच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "मॅडम, पोलिसांना कळवायचं का?" त्याला नव्या पिढीची सवय आहे, दोन तास फोन उचलला नाही म्हणजे माणूस बेपत्ता. मालकीणबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, सकाळ आहे, ऊन छान आहे, इथे कुणी हरवत नाही, समुद्र लागला की माणूस वळतो.

तरीही पाऊण तास मला बसवेना. सप्लायरचा परत फोन आला: गाडी सोडली, पूर्ण आकार लागेल, साडेतीनशे युरो.

पावणेचारला काकांचाच फोन आला. जेवायला घरी आले होते.

"काका, फोन विसरलात?"

"विसरलो नाही. ठेवला."

"निदान ड्रायव्हरला निरोप द्यायचा."

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मुलाला कळवलं असतं. मग त्याच्याशी बोलावं लागलं असतं. तो हौसेनं पाठवतोय हो. त्याला नाही म्हणायचं म्हणजे तासभर बोलायचं."

मी चिडले होते. बोलले मात्र नाही. ते लगेच सांगायला लागले, चाळीस वर्षं वर्गात सांगितलं असेल तसं. इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेनाचं देऊळ तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत आहे. खांबांच्या मधल्या जागा बुजवून त्याचंच चर्च केलंय. बाजूच्या गल्लीतून ते डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक शैलीतले, खांब अर्धे बाहेर आलेले दिसतात. काकूंनी मंडईत मटार घेतले होते, त्या पुडक्याची सुतळी सोडवून काका खांबाला लावत बसले. खांब अर्धा भिंतीत, त्यामुळे पूर्ण घेर मोजता येत नाही, जीवा आणि कंस मोजून त्रिज्या काढली. "पण खोबण्या आहेत ना, सुतळी नुसती कडांवरून जाते. डोरिक खांबाला बहुतेक वीस खोबण्या असतात. म्हणजे मी वर्तुळ मोजलंच नाही, वीस बाजूंची बहुभुजाकृती मोजली, उत्तर थोडं कमीच येणार. आर्किमिडीजनं पायची किंमत काढताना हेच केलं, तो ९६ बाजूंपर्यंत गेला." पलीकडून काकूंचा आवाज आला, की एक म्हातारी दोनदा येऊन बघून गेली आणि तिसऱ्यांदा येऊन शेजारी बसून मटार सोलू लागली.

मग काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "त्याला सांगा, ढग होते."

साडेचार वाजून दोन मिनिटांनी न्यू जर्सीहून मेसेज आला. 'एटनाचे फोटो कधी?' मी लिहिलं, वर हवामान खराब होतं, सहल रद्द केली, आई-बाबा मजेत आहेत. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, थापा ऐकल्या भरपूर, मारल्याही आहेत. पण पैसे भरणाऱ्याशी जाणाऱ्याच्या सांगण्यावरून मारलेली ही पहिलीच.

तो इंजिनिअर. वीस मिनिटांत त्याने एटनाच्या वेबकॅमचा स्क्रीनशॉट पाठवला. निळंशार आकाश, शिखरावर वाफेचा छोटासा तुरा. खाली लिहिलं होतं, 'असो. हवामानामुळे रद्द असेल तर तुमच्या अटी क्रमांक सहाप्रमाणे पूर्ण परतावा.'

अट क्रमांक सहा मीच लिहिलेली. खरं सांगितलं असतं तर नो-शो, पैसे त्याचे गेले असते आणि काकांची मान खाली. मी साडेतीनशे युरो परत केले, खिशातून. म्हणजे चौदा घरं, बावीस पायऱ्या आणि शेगडी हे सगळं फुकट झालं. त्याला खरं कळलंय का, हे मला आजही नक्की माहीत नाही. वेबकॅम पाहणारा माणूस 'असो' का लिहील?

काका परत आल्यावर पेढे घेऊन आले, पैशांबद्दल त्यांना मी बोलले नाही. आमच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, बोलायला हवं होतं. कदाचित. खांबाची मापं लिहिलेली वहीही दाखवली त्यांनी. पायची किंमत साधारण तीन पूर्णांक एक दशांश आली होती, सुतळीने.

आणि मुलाने मला पाच तारे दिले. त्याच्या ऑफिसातल्या एकाची गेल्या आठवड्यात चौकशी आली. आई-वडिलांना ऑक्टोबरमध्ये ओर्तीजा, सहा रात्री, अगदी निवांत, फक्त एक दिवस एटना हवाच. मी उत्तर दिलं, हो करू, आधी आई-वडिलांचा नंबर पाठवा.

त्याचा प्रश्न आलाय: 'त्यांचा कशाला? सगळं मीच बघतोय.'