खुरप्यावर चढलेलं तांबं

जुलैच्या मध्यावर आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागते, विषय बदलाचे अर्ज अमुक तारखेपर्यंतच घेतले जातील. ती लागली की माझ्या टेबलापुढं रांग लागलीच म्हणून समजा. मी पीकशास्त्र शिकवतो, एकवीस वर्षं झाली. तासगाव तालुका म्हणजे चारी बाजूंनी द्राक्षबागा, वर्गातल्या दहा पोरांमागं सहा-सात पोरं बागायतदाराची, आणि तरीही माझ्या विषयाला येणारी बहुतेक मुलं शेती शिकायला येत नाहीत. मार्कांसाठी येतात. हे मी कुणावर चिडून लिहीत नाही, रांगेतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो: "सर, स्कोअरिंग कशात हाय?"

अकरावी सायन्सचा हिशोब बाहेरच्याला एकदम कळत नाही. इंग्रजी सगळ्यांना. जनरल घेतलं तर मराठी किंवा दुसरी एखादी भाषा, आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो असे चार विषय. बायफोकल घेतलं तर तो एकच विषय २०० मार्कांचा, म्हणजे दोन विषयांची जागा खातो. एक भाषा जाते आणि मॅथ्स-बायोपैकी एक जातो. पीकशास्त्र हे असं बायफोकल. शेजारच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक्स, पलीकडं कॉम्प्युटर सायन्स. आमच्या मराठीच्या बाई मला दर जुलैत ऐकवतात, "तुमच्या भाजीपाल्यानं माझा वर्ग खाल्ला." त्यांचं खोटं नाही.

त्या दिवशी शेवटची तारीख होती. सकाळपासून पावसाची झिमझिम, आणि त्यातच बारावीचं प्रॅक्टिकल लागलेलं. खरं तर दोन्ही कामं एका वेळी करायची नसतात. पण क्लार्क रजेवर, प्राचार्य मीटिंगला सांगलीला, म्हणून मी प्रयोगशाळेच्या दारातच टेबल मांडलं. आत पोरं बोर्डो मिश्रण, म्हणजे झाडांच्या रोगांवर फवारायचं औषध, करत होती, बाहेर मी अर्जांवर सह्या करत होतो.

बोर्डो तसं सोपं. १ टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो कळीचा चुना. आम्ही १० लिटरचंच करत होतो, म्हणून दोन्ही १०० ग्रॅम. प्लास्टिकच्या दोन बादल्या. एकीत मोरचूद विरघळवायचं, दुसरीत चुना विरवून फडक्यानं गाळायचा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं आणि काठीनं ढवळत राहायचं. ते कॉलेजच्या मागच्या चार लिंबाच्या झाडांवर मारायचं होतं. पानांवर खैऱ्या रोग दिसायला लागला होता.

अकराच्या सुमाराला एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं शिंतडलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मागं मुलगी. तिला मी ओळखत होतो. प्रवेशाच्या दिवशी पीकशास्त्रासमोर टिक करताना तिनं पेन दोनदा उचललं होतं, म्हणून लक्षात राहिली होती. दहावीला विज्ञानात आणि गणितात चांगले मार्क.

"सर, हिचा इशय बदलून द्या. पीकशास्त्र नगं."

"का हो?"

"शेती घरात हायच की. ती शिकाय कालिज कशाला? इलेक्ट्रॉनिक न्हायतर कॉम्प्युटर द्या कायतरी."

हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. उत्तरही पाठ आहे. मी ते सुरू केलं: शास्त्रीय दृष्टी, माती परीक्षण, पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली पदवी, त्यानंतर स्पर्धा परीक्षा. ते ऐकत होते, पण नजर माझ्या खांद्यावरून आत, बादलीवर.

"त्ये काय चाललंय?"

"बोर्डो. प्रॅक्टिकल आहे."

"चुना कवाचा हाय?"

मी म्हटलं, स्टोअरमधला आहे. ते न विचारताच आत गेले. बादलीवर वाकले, काठी हातात घेऊन दोन फेरे दिले. पोरं बाजूला सरकली. चांगल्या बोर्डोचा रंग स्वच्छ आभाळासारखा असतो, हे मीच शिकवतो. आमच्या बादलीतल्या रंगाला किंचित हिरवट झाक होती, पण मी दारात सह्या करत होतो आणि ढगाळ उजेडात पोरांना ते आभाळीच वाटलं होतं. आभाळही तसंच होतं म्हणा.

"खुरपं हाय का?"

शिपाईमामांनी बागेतलं खुरपं आणून दिलं. त्या गृहस्थांनी पातं विटेवर घासून चकचकीत केलं आणि बादलीत बुडवून धरलं.

अशा वेळी मास्तर गप्प बसत नाही, तो माहिती देतो. मी पोरांना बोर्डोची गोष्ट सांगायला लागलो. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर बागायतदार मोरचूद आणि चुना शिंपडायचे, कारण निळी पानं बघून येणारा-जाणारा द्राक्षं चोरत नसे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की याच वेलींना डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येत नाही, आणि १८८५ मध्ये त्यानं हे मिश्रण जगापुढं मांडलं. "म्हंजे चोरांनी उपकार केले," ते गृहस्थ म्हणाले आणि खुरपं बाहेर काढलं.

पात्याच्या खालच्या बोटभर भागावर तांबूस थर चढला होता. उजेडात तिरपं धरलं की लख्ख दिसत होता.

"चुना कमी पडलाय. ह्ये मारलं असतं तर लिंबाची पानं करपली असती. तुमचा चुना मेलाय, सर."

मी स्टोअरमधली गोणी बघून आलो. तोंड उघडंच. आत कळी राहिलीच नव्हती, सगळा भुगा. ती गोणी कधी आणली हे मला आठवेना. लिटमस कागदाची डबी कपाटात होती, कागद मात्र मागच्याच वर्षी संपले होते. पोरं माझ्याकडं बघत होती. एकानं हळूच विचारलं, "सर, हे जर्नलला लिहायचं का?" लिहा, म्हटलं. काय सांगणार?

"हे मी घरात शिकवतोच की हिला," ते म्हणाले. टोमणा नव्हता, सरळ हिशोब होता. "मग दोन वर्षं हितं काय शिकंल ही?"

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर दिलं मुलीनं, आणि तेही मला नाही, त्यांना.

"आण्णा, खुरप्यावर तांबं का चढतं?"

"आम्ल ऱ्हातं म्हनून."

"आम्ल राहतं म्हणजे मोरचूद शिल्लक राहतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. लोखंड त्यात उतरतं आणि तांबं बाहेर पडतं. दहावीच्या पुस्तकात आहे. विस्थापन."

"आनि चुना मरतो म्हंजे?"

"हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो. त्याचा कार्बोनेट होतो. मग तो मोरचुदाला आवरत नाही."

ते खुरप्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे गोणीचं तोंड बांधून, हवा लागू न देता ठिवला तर टिकंल?"

"टिकेल की जास्त."

"मग बोलली न्हाईस ती कधी! दर साली अर्धी गोणी वाया जातीय."

"तुम्ही विचारलं कुठं?"

बारावीची पोरं हसली. तेही हसले, पण कानापर्यंत लाल झाले होते.

माझा अंदाज होता की आता अर्ज परत घेतला जाणार. मनातल्या मनात मी तिला बॅचमध्ये मोजूनही टाकलं. इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. बॅचमध्ये मुलं कमी पडली की माझ्या तासांवर येतं, त्यामुळं मी पीकशास्त्राची बाजू मांडतो तेव्हा ती निव्वळ ज्ञानाची बाजू असतेच असं नाही.

आम्ही परत टेबलाशी आलो. मी मुलीलाच विचारलं, "तू पीकशास्त्र का घेतलंस?"

"मला ॲग्रीला जायचंय. त्याला हे घ्यावंच लागतं ना? म्हणून मॅथ्स सोडलं."

घ्यावंच लागतं. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की कधीकधी मला वाटतं तो आम्हीच खतपाणी घालून वाढवला. आई-वडील अकरावीच्या प्रवेशालाच सातबारा घेऊन येतात, त्या प्लास्टिकच्या पिशवीत यांच्याही होता. सातबाराचं काम पदवीच्या प्रवेशाला, इथं त्याला कुणी विचारत नाही. कृषी पदवीला फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर बायो किंवा मॅथ्स लागतं आणि सीईटी द्यावी लागते. पीकशास्त्र असलंच पाहिजे अशी अट नाही. आणि दहावीनंतर थेट शेतीकडंच वळायचं असेल तर कृषी तंत्र पदविकेची वेगळी वाट आहे, दोन वर्षांची, मराठीतून. पण हिचा गणिताचा हात बघता तिला तिकडं पाठवायची माझी इच्छा नव्हती.

वडिलांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "सर, खरं सांगा. तुमच्याकडं न येता हिला शेतीचं मोठं शिक्षण घेता येतं?"

"येतं."

"आनि दोन्ही घिऊन? गणित बी, जीवशास्त्र बी?"

"जनरल घेतलं तर दोन्ही घेता येतात. मग सीईटीला दोन्ही ग्रुप मोकळे. मॅथ्सच्या ग्रुपला गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा असतो, हिला तो फायद्याचा. डॉक्टरकीचं मनात आलं तर बायो हाताशी आहे. आणि मराठीही राहील."

"मग तुमचं पीकशास्त्र कशासाठी हाय?"

एकवीस वर्षांत मला हा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. मी काहीतरी बोललो. ज्याला मॅथ्स किंवा बायो यातलं एक नकोच आहे त्याला बरं पडतं, हातानं काम करायला मिळतं, प्रॅक्टिकलचे मार्क पदरात पडतात. बोलता बोलता मला बादलीतला हिरवट रंग दिसत होता. हातानं काम करायला मिळतं म्हणणाऱ्या माणसाच्या स्टोअरमध्ये चुना मेलेला.

मुलगी म्हणाली, "मला दोन्ही पाहिजेत."

"झेपंल का?" वडील.

"द्राक्षाच्या जीएचं पीपीएम मीच काढून देते ना तुम्हाला दर सीझनला?"

जीए म्हणजे द्राक्षावर फवारायचं जिबरेलिक ॲसिड, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, ते प्रमाण. ते माझ्याकडं वळले. "त्ये बरोबर हाय. १० पीपीएम करायचं तर १०० लिटराला १ ग्रॅम, ह्ये हिनं सांगितलं तवा कळलं. त्याआदी दुकानदार सांगंल तसं टाकत हुतो."

मी अर्ज पुढं ओढला. 'पीकशास्त्र' खोडून जनरल लिहिलं, मॅथ्स आणि बायोसमोर टिक केली, खाली सही. माझ्या बॅचमधून एक नाव कमी झालं. मराठीच्या बाईंना सांगितल्यावर त्यांनी चहा पाजला, तो मी निमूट प्यायलो.

पण सही झाली तरी आण्णा गेले नाहीत. "बादली तशीच टाकणार व्हय? मोरचूद फुकट येत न्हाय." त्यांनी मामांना पैसे देऊन नाक्यावरच्या दुकानातून ताजी कळी मागवली. ती विरवली, तेव्हा बादलीतनं अशी वाफ आली की मागं उभी पोरं दोन पावलं सरली. मग फडक्यानं गाळलेली निवळ थोडी थोडी ओतायची, ढवळायचं, घासलेलं खुरपं बुडवायचं, काढून बघायचं. पहिल्या वेळी तांबूस. दुसऱ्या वेळी कडेला जरासं. चौथ्या वेळी पातं जसं घातलं तसंच बाहेर आलं, आणि बादलीतला रंग तोवर खरोखर आभाळी झाला होता. दर वेळी ते खुरपं वेगवेगळ्या पोराच्या हातात देत होते. इतकं नीट प्रॅक्टिकल मी त्या वर्षी घेतलं नव्हतं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. पाऊस थांबल्यावर पोरांनी पंप पाठीला लावला आणि लिंबांवर मारलं. बोर्डो केल्याच दिवशी संपवायचं असतं, उद्यासाठी ठेवायचं नसतं.

जाताना मुलीनं विचारलं, "सर, मी गुरुवारी प्रॅक्टिकलला नुसती येऊन बसू का?"

हजेरीत नाव नसताना बसवायचं म्हणजे नियमाबाहेर. मी म्हटलं, "खिडकीजवळच्या टेबलाशी बस." पाच-सहा वेळा आली. मग केमिस्ट्रीचे जादा तास लागले आणि यायची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मी साठा नोंदवही काढली. 'चुना, १ गोणी, निर्लेखित करावा' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'निकामी' लिहिणार होतो, त्याऐवजी लिहिलं: 'हवेच्या संपर्कामुळे कार्बोनेट झाला.' आठवडाभरानं वही ऑफिसमधून परत आली. त्या ओळीसमोर लाल शाईत शेरा होता: 'कार्बोनेट कोणी केला? संबंधितांचा लेखी खुलासा जोडावा.'