व्हाळाच्या पाण्यावर वीज: आमची वाटचाल

आमचं मूळ काम पंपाचं. वडिलांनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईला, मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप टाकलं, उन्हाळ्यात तिथल्या कुळागरांचे, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांचे, पंप जळायला लागले की आमचा सीझन सुरू व्हायचा. मी कामात आलो तेव्हा कुळागरात जाणं रोजचंच, आणि तिथे दिसायचं काय तर वरच्या झरीचं पाणी पाटानं पोफळींना (सुपारीच्या झाडांना) जातंय, उरलेलं खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पडतंय, आणि घरात मात्र पावसात तारेवर झाड पडलं की रात्रभर काळोख. गोव्याची बहुतेक सगळी वीज बाहेरून येते, आणि कुळागर म्हणजे तर लाईनचं शेवटचं टोक.

यातूनच छोट्या जलविद्युतचं काम सुरू झालं, आणि ते आम्हाला जमलं कारण पंप आमच्या हातातला. सेंट्रीफ्युगल पंपाला डिलिव्हरीच्या बाजूनं पाणी सोडलं की तो उलटा फिरून टर्बाइनचं काम करतो, त्याच्याच मोटरला बरोबर कपॅसिटर लावले की झाला जनरेटर.

पण मशीन बसवणं हा सोपा भाग, खरं काम जागा निवडायचं. लोक जुलैमध्ये फोन करतात, "भाऊ, एवढं पाणी फुकट जातंय, लावून टाक मशीन." गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. जुलैचा व्हाळ बघून मशीन ठरवलं तर डिसेंबरनंतर ते नुसतं उभंच राहणार.

हिशोब अवघड नाही. सेकंदाला किती लिटर पाणी, ते किती मीटर खाली पडणार, दोन्हीचा गुणाकार करून 9.81 ने गुणायचं नि हजाराने भागायचं, आलेल्या किलोवॅटमधले छोट्या मशीनला साधारण 60 टक्के धरायचे. 50 लिटर आणि 20 मीटर म्हणजे जेमतेम 6 किलोवॅट. घर, पायवाटेवरचे दिवे, मिरी वाळवायचा छोटा ड्रायर एवढं आरामात चालतं.

उंची लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) एका सकाळीत मोजून होते, पाण्याला मात्र अख्खा सीझन द्यावा लागतो. आम्ही व्हाळावर पत्र्याचा बांध घालतो, त्यात 90 अंशाची व्ही आकाराची खाच, आणि जरा मागे पाणी संथ असतं तिथे मोजपट्टी लावतो. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी 20 सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला 25 लिटर, तेच 10 सेंटिमीटरवर आलं तर साडेचार लिटरसुद्धा नाही! उंची निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, साडेपाच पटीच्या वर घटतं, आणि मालकानं हे पट्टीवर स्वतः बघितलं की मग मशीन केवढं हवं यावर वाद राहत नाही. त्यात एप्रिल-मे मध्ये पोफळींनाच पाणी लागतं, ते आधी झाडांचं. म्हणून आम्ही सरळ सांगतो की पावसापासून जानेवारीपर्यंत पाण्याची वीज घ्या आणि उन्हाळ्याला सोलर ठेवा, आमच्याकडे हे दोन्ही एकमेकांना छान पूरक ठरतं कारण पावसात सोलर अगदीच कमी देतं. पंपाला पाणी कमी-जास्त झालेलं सोसत नाही, एफिशियन्सी लगेच पडते, त्यामुळे जे पाणी बरेच महिने एकसारखं मिळेल त्यावरच साईज ठरवायची.

मशीनची खोली कुठे हे तिथल्या जुन्या माणसांना विचारायचं. एका ठिकाणी मी म्हटलं, "काका, पूर कुठवर येतो?" काका काही बोलले नाहीत, फणसाच्या बुंध्याकडे नेलं, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर सालीत सुकलेला पाचोळा आणि गाळ अडकलेला होता. जुलै 2021 चा पूर सत्तरीत कोण विसरलंय! खोली मग त्याच्याही वर गेली, थोडी उंची गमावली, पण जनरेटर कोरडा राहतो.

दूधसागर धबधब्यावर वीज का नाही करत हे तर सगळेच विचारतात. 300 मीटरच्या वर उंची, कागदावर सेकंदाला 1000 लिटर धरले तरी 2 मेगावॅट निघतात. पण तो भगवान महावीर अभयारण्यात येतो, आणि उन्हाळ्यात धार बारीक होते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव हीसुद्धा अभयारण्यंच, आपला बहुतेक उतार असाच राखीव जंगलात आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. मोठ्या स्कीमपेक्षा आहे त्या पाटाचा, धरणातून एरवी सोडतातच त्या पाण्याचा उपयोग करावा, नवीन काही अडवायलाच नको.

आता सांगेच्या बाजूला एका कुळागरात खाच बसवलीय, मालकाचा मुलगा रोज सकाळी पट्टीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, जानेवारीपर्यंतचे आकडे आले की पाईपचा डायमीटर ठरवू आणि मगच ऑर्डर टाकू.