जाड म्हणजे थिक, पण दरवेळी नाही

आमच्या काकू शेंगा चटणी करून विकतात. जुळे सोलापुरात घरातच काम चालतं, एक उखळ आणि मदतीला दोन बायका, बास. मागच्या वर्षी पार्सलं पुण्याच्या पण पलीकडं, हैदराबाद बेंगळुरूला जायला लागली तेव्हा पाकिटावर इंग्रजी लेबल पाहिजे असं ठरलं, आणि घरात इंग्रजी लिहायचं म्हटलं की सगळे माझ्याकडं बघतात. मी काकूंना विचारलं, चटणी कशी असते ते एका शब्दात सांगा. त्या म्हणाल्या, "जाडसर. शेंगा जाडसरच कुटायच्या असत्यात गं, पीठ केलं की चव जाती." मी लिहिलं, थिक पीनट चटणी. दोनशे स्टिकर छापून आणले.

पंधरा दिवसांत बेंगळुरूहून एका बाईंचा फोन आला की चटणी वाळून गेलीय, पाकिटात नुसता भुगा आहे. काकूंना कानडी चांगलं येतं, त्यांनी दहा मिनिटं समजावलं की ही चटणी कोरडीच असते, दाबली की तेल सुटतं, दह्यात कालवून खा नाहीतर भाकरीवर घ्या. पण त्या बाईंची काहीच चूक नव्हती. लेबलवर थिक चटणी वाचून त्यांच्या डोळ्यासमोर इडलीबरोबरची ओली, घट्ट चटणी आली, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ तोच होतो. खाण्याच्या ओल्या पदार्थाला थिक म्हटलं की घट्ट, पाणी कमी असलेला. काकूंचं जाडसर म्हणजे दाणे मोठे राहिलेले, भरड. त्याला शब्द आहे कोर्स, स्पेलिंग सी-ओ-ए-आर-एस-ई. यू घालून लिहिलं तर तो अभ्यासाचा कोर्स होतो, आणि ही चूक तर मी छापील पाकिटांवर पण बघितलीय.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा एकच शब्द घोळतोय. आपण जाड हा एक शब्द किती ठिकाणी वापरतो बघा, जाड चादर, जाड माणूस, जाडा तांदूळ, जाड रवा. इंग्रजीत चादर थिक, माणूस फॅट, रवा कोर्स. आणि उलटीकडनं बघितलं तर त्यांच्या एका थिकमध्ये आपले तीन शब्द बसतात, जाड काच, घट्ट दही, दाट धुकं, तिन्हीला थिक चालतं. केस दाट असले तरी थिक, जंगल दाट असलं तरी थिक. म्हणजे दोन्ही शब्दांची हद्द वेगळी आहे, फक्त मधे थोडी एकमेकांवर येते, आणि शाळेत आपल्याला तेवढाच मधला भाग शिकवतात, थिक म्हणजे जाड, पुढचा शब्द. सोलापुरात तर हे अजून पक्कं बसतं कारण आजूबाजूला कानडीत दप्प म्हणतात ते चादरीला पण आणि माणसाला पण, तेलुगूत लावु तसंच. तिन्ही भाषा एकच सांगत असल्या की इंग्रजीत पण तसंच असेल असं वाटणारच.

मला स्वतःला उपयोगी पडलेली खूण सांगते. एखाद्या वस्तूच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत किती अंतर आहे ते सांगायचं असेल तर थिक. भिंत, पुठ्ठा, काच, चादर, भाकरी. वस्तू गोल फुगलेली, भरलेली असेल तर फॅट पण चालतं, नोटांनी भरलेलं पाकीट फॅट म्हणतात, जाडजूड पुस्तकाला दोन्ही म्हणतात. चादरीला मात्र फॅट कधीच नाही.

चादरीवरनं आठवलं, माझ्या मामांचे अक्कलकोट रोडला लूम आहेत, टॉवेल काढतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला जीआय टॅग आहे, त्यामुळं बाहेरच्या व्यापाऱ्यांची इंग्रजीत चौकशी येते आणि मामा ते मेसेज मला पाठवतात. त्यात ठरलेला प्रश्न, हाऊ थिक. मामांनी एकदा उत्तर दिलं होतं, व्हेरी थिक, आणि समोरच्यानं परत तोच प्रश्न पाठवला. कारण त्याला माप पाहिजे होतं. टॉवेलात ते जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. साधा रोजचा टॉवेल तीनशे-चारशेचा, हॉटेलवाले पाचशे-सहाशेचा मागतात. पण जीएसएम म्हणजे वजन, जाडी नाही, हे मला मामांनीच लूमपाशी उभं करून दाखवलं. टेरीला ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन असतात, एक ताठ, एक सैल. काही आडवे धागे गेले की फणीचा ठोका पुढपर्यंत बसतो आणि सैल ताण्याचे बारके फास वर उठतात, तेच पाणी शोषतात. आता तेवढ्याच वजनाचे दोन टॉवेल घ्या, एकाचे फास उंच आणि मोकळे, दुसऱ्याचे बुटके आणि दाबून बसलेले. हाताला पहिला जाड लागतो, तराजूला दोन्ही सारखे. म्हणून जाडी सांगायची तर थिक, वजन सांगायचं तर हेवी, आणि फास दाटीनं बसलेत असं म्हणायचं तर डेन्स. आता आम्ही आकडा आधी देतो, विशेषण नंतर. आणि इथं चुकून कोर्स लिहू नका, टॉवेलला कोर्स म्हटलं की खरखरीत, अंगाला टोचणारा असा अर्थ होतो, माल परत येईल.

माप लिहिताना थिक मापाच्या मागं येतं, टू इंचेस थिक, आपल्या दोन इंच जाडसारखंच. पण वस्तूच्या नावाआधी आलं की इंच एकवचनात, ए टू-इंच-थिक मॅट्रेस, मधे आडव्या रेघा. एवढंच, यात जास्त काही नाही.

माणसाबद्दल लिहिताना मात्र खरंच जपा. माझी भाची इंग्लिश मीडियमला आहे, तिनं आजीवर निबंध लिहिला, माय ग्रँडमदर इज थिक अँड काइंड. तिला वाटलं फॅट म्हणणं वाईट दिसतं म्हणून दुसरा शब्द घालू. पण माणसाला नुसतं थिक म्हटलं, विशेषतः ब्रिटिश बोलण्यात, तर मठ्ठ असा अर्थ होतो, डोक्यात काही शिरत नाही असा. माझी आई, म्हणजे तिची आजी, वयाच्या पासष्टीत मोबाईलवर बँकेचे व्यवहार करते, तिच्याबद्दल असं लिहिलेलं मला बघवेना. मी भाचीला म्हणलं, आजीचं काय जाड आहे ते बघ. तिनं बघून लिहिलं, शी वेअर्स थिक ग्लासेस. जाड भिंगाचा चष्मा, एकदम बरोबर. मग लिहिलं, हर फिंगर्स आर थिक बट शी थ्रेड्स द नीडल इन वन गो. अवयवाला थिक चालतं, बोटं, मनगट, मान, केस. अख्ख्या माणसाला नाही. निबंध पण आधीपेक्षा कितीतरी चांगला झाला, कारण आता त्यात आजी दिसते.

उलट शब्द थिन, त्यातही एक गोष्ट आहे. आपली पातळ भाजी हा पदार्थच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण करी थिन आहे म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं पाणी घालून वाढवलीय. मग तिथं पातळ भाजी असंच लिहावं आणि पुढं काय काय घातलंय ते सांगावं. कडक भाकरीचं मात्र उलटं, ती जितकी पातळ तितकी कौतुकाची, तिला थिन अँड क्रिस्प लिहिलं की अगदी नेमकं बसतं. आणि कडक चहा थिक नसतो हो, स्ट्राँग असतो.

तर चटणीचं नवीन लेबल. मी लिहून नेलं, ड्राय, कोर्सली ग्राउंड पीनट चटणी. काकूंनी विचारलं ग्राउंड म्हणजे काय. मी म्हणलं, दळलेली. त्या हातातली शेंगांची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "दळलेली कुठं हाय? उखळात कुटलेली हाय की. मिक्सरला लावलं तर तेल असं सुटतंय का?" आणि चिमूटभर काढून माझ्या तळव्यावर ठेवली, अंगठ्यानं दाबली, तेलाचा लालसर डाग पडला. मी तिथंच बसून ग्राउंड खोडलं आणि वर पाउंडेड लिहिलं.