कॅनडात बोट चालवण्याचे कार्ड काढताना

कॅनडात करमणुकीसाठी इंजिनाची बोट चालवणाऱ्या प्रत्येकाजवळ सक्षमतेचा पुरावा, म्हणजे सहसा परीक्षा देऊन मिळणारे चालकाचे कार्ड, असावा लागतो. १९९९ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आलेला हा नियम १५ सप्टेंबर २००९ पासून सर्व वयाच्या चालकांना लागू झाला. ऑन्टारिओत पीटरबरोजवळच्या तळ्याकाठी एका मित्राचे कॉटेज आहे, आणि तिथली आउटबोर्ड इंजिनाची छोटी बोट मलाही चालवायची होती, म्हणून मी हे कार्ड काढायचे ठरवले.

याला सर्रास 'बोटीचे लायसन्स' म्हटले जाते, परंतु लायसन्स बोटीचे असते आणि कार्ड माणसाचे. दहा किंवा अधिक अश्वशक्तीच्या इंजिनाच्या बोटीला मिळणारा लायसन्सचा क्रमांक बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या दोन्ही बाजूंना, किमान साडेसात सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत, दुरून वाचता येईल असा लिहावा लागतो. कार्डाला मात्र मुदत नसते. एकदा मिळाले की ते आयुष्यभर चालते.

ट्रान्सपोर्ट कॅनडा या केंद्रीय वाहतूक खात्याची मान्यता असलेल्या संस्थांपैकी एकीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी घेतला. तो किमान तीन तास चाललाच पाहिजे असे बंधन असल्यामुळे वाचून झाले तरी पान लगेच उलटत नाही, आणि पहिला तासभर त्याचा वैताग आला हे कबूल करायला हवे. थंड पाण्यावरच्या प्रकरणात मात्र ही सक्ती योग्य वाटू लागली. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी मांडलेले '१-१०-१' हे सूत्र तिथे समजावले आहे: गार पाण्यात पडल्यावर धाप आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी साधारण दहा मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे चांगला पोहणाराही पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन बुडू शकतो, आणि बाकाखाली नीट रचून ठेवलेले लाइफ जॅकेट बोटे आखडल्यावर बांधता येत नाही. कायद्याने प्रत्येकाच्या मापाचे जॅकेट बोटीत असले की पुरते. माझ्या मते ते अंगावरच हवे.

सर्वांत जास्त वेळ मला बोयांना, म्हणजे पाण्यातली वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांना, द्यावा लागला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने पुष्कळ फिरलेलो असल्याने बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ही खूणगाठ पक्की होती, कारण भारतात तीच पद्धत आहे. उत्तर अमेरिकेत नेमके उलटे: समुद्राकडून आत येताना किंवा प्रवाहाच्या वर जाताना लाल बोया उजवीकडे ठेवायचा. त्यातही गंमत अशी की पीटरबरोवरून जाणाऱ्या ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गावर कर्कफील्डच्या लिफ्ट लॉकपाशी (बोटींना पाण्यासकट वर-खाली नेणाऱ्या पाळण्यापाशी) चढ संपून उतार सुरू होतो, म्हणून सरळ पुढे जाणाऱ्यालाही तिथून पुढे लाल बोया डावीकडे लागतो.

पन्नास प्रश्नांच्या परीक्षेत ७५ टक्के गुण पुरतात आणि अभ्यासक्रम मन लावून वाचलेल्याला ती अवघड जात नाही. ती देताना बोटीला हातही लावावा लागत नाही, आणि मला या व्यवस्थेतली हीच उणीव वाटते; वारा असताना बोट धक्क्याला कशी लावायची हे मला कार्डाने नव्हे, मित्राने शिकवले.

निघण्यापूर्वी तो तपासणी मोठ्याने म्हणत करतो. सहा मीटरपर्यंतच्या बोटीत किमान १५ मीटर लांबीची तरंगती दोरी, शिट्टी, पाण्यात न बिघडणारी विजेरी, पाणी उपसायचे भांडे, आणि वल्हे किंवा दोरीसह नांगर हवा. किनाऱ्यापासून ३० मीटरच्या आत ऑन्टारिओत ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाकडेही कार्ड आहे, पण मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय त्याला ४० अश्वशक्तीच्या पुढचे इंजिन चालवता येत नाही.

कार्ड बोटीवर सोबत बाळगावेच लागते; नसल्यास २५० डॉलर दंड होतो. उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना भाड्याची बोट चालवायची असेल, तर भाड्याने देणारा निघण्याआधी त्यांच्याकडून सुरक्षा तपासणीची यादी भरून घेतो आणि सही केलेली ती यादीच पुरावा मानली जाते, पण फक्त त्या बोटीपुरती आणि त्या भाड्याच्या मुदतीपुरती.