पापाचा विरुद्ध शब्द

शाळेत 'पाप' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द 'पुण्य' असा पाठ केलेला असतो, आणि म्हापशातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती घरातही बरीच वर्षे मी तोच अर्थ मनात धरून बायबल वाचत होते. पाप नावे, पुण्य जमा, आणि अखेरची शिल्लक देव पाहणार. बाबा किराणा दुकानाची खतावणी रोज रात्री जुळवत. शेवटच्या आजारपणात ते आयुष्याचीही तशीच जुळवणी करू लागले आणि ती जुळेना.

सर्वांनी पाप केले आहे, असे प्रेषित पौल बायबलातल्या रोमकरांस पाठवलेल्या पत्रात लिहितो. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. देवाकडे लागायला हवे ते मन स्वतःकडेच लागले, हे मूळ पाप. चोरी, खोटेपणा, अहंकार ही त्याची फळे. असे मन पुण्याच्या जमेने सरळ होत नाही, कारण ते पुण्यही स्वतःकडे पाहतच केलेले असते. म्हणून ख्रिस्ती विचारात पापाच्या समोर पुण्य नव्हे, तर विश्वास उभा असतो. पोहता न येणारा माणूस मांडवीच्या फेरीबोटीत पाय ठेवतो तेव्हा सारा भार बोटीवर टाकतो. ख्रिस्तावर तसा भार टाकणे म्हणजे विश्वास.

आपल्या 'तारण' या शब्दात हे सारे आले आहे, असे मला वाटते. बुडणाऱ्याला दुसऱ्यानेच तारावे लागते. दुकानदार बाबांना मात्र तारण म्हटले की आधी कर्जापोटी ठेवलेले सोने आठवे, आणि दुसऱ्या कोणी आपले कर्ज फेडून ते सोडवून आणावे, हा अर्थही चुकीचा नाही.

मग सत्कर्मांचे काय? शेजारच्या कॅथलिक मावशी कुमसारासाठी, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जातात, आम्ही प्रोटेस्टंट जात नाही. परंतु मनुष्य स्वतःच्या गुणांमुळे नव्हे, तर केवळ कृपेने स्वीकारला जातो, हे कॅथलिक आणि ल्युथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी संयुक्तपणे मान्य केले आहे. झाड जिवंत असले की फळ येते. फळे बांधून झाड जिवंत होत नाही.

अखेरच्या महिन्यात मी बाबांना बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय वाचून दाखवला. येशूशेजारी वधस्तंभावर असलेला अपराधी आपली शिक्षा योग्यच आहे असे कबूल करतो आणि आपली आठवण ठेवावी एवढेच मागतो. मरण समोर उभे आहे, जमेच्या बाजूला लिहिण्यासारखे काही करायला सवड उरलेली नाही, आणि तरीही आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असे वचन येशू त्याला देतो. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो काय मागतो, तेवढंच पुन्हा वाच." मी वाचले. त्यानंतर त्यांनी जुन्या चुकांची यादी काढली नाही. रात्री झोपण्यापूर्वी ते तेवढे एकच वाक्य म्हणत.