आमची वाटचाल : गोगलगाय अन् पोटात पाय

सहा बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी म्हटली की लोक आधी मासे कोणते ते विचारतात. मी आधी बीम कुठून गेलाय ते विचारतो. नुसतं पाणीच 680 लिटर, म्हणजे 680 किलो. 12 एमएमची काच सव्वाशे किलोच्या आसपास. माती, दगड, लाकूड, स्टँड धरलं की टनाच्या घरात. स्लॅबचा हिशेब साधारण चौरस मीटरला 200 किलोचा असतो आणि आमचं हे धूड एका चौरस मीटरपेक्षा जेमतेम जास्त जागेत बसतं. म्हणून टाकी बीमला धरूनच, आणि इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही. यापायी किती ऑर्डरी गेल्या, जाऊ दे.

2004 साली मी क्रॉफर्ड मार्केटात दुसऱ्याच्या दुकानात पिशव्यांतून मासे भरत होतो. 2009ला भांडुपला गाळा घेतला तो कुर्ल्याच्या काचवाल्या चाचांच्या जिवावर. चाचा कडेवरून अंगठा फिरवायचे आणि डोळ्यांना न दिसणारी चीर सांगायचे. मास्किंग टेप लावून, दोन काचांमध्ये सारखी फट ठेवून, एका दमात सिलिकॉन ओढायचं. मध्ये थांबलात की तिथेच बुडबुडा आणि तिथेच पुढे गळती. आंबूस वास पुरता जाईपर्यंत पाणी नाही. मग आठवडाभर गाळ्यातच भरून ठेवायची. चाचांची सिलिकॉन गन अजून माझ्याकडे आहे. घोडा तांब्याच्या तारेनं बांधलाय, पण नवीन तीन गन मोडल्या तरी ही चालते. पाणसळही त्यांचीच.

पुढची दहा वर्षं टाक्या केल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या मुंबईची वीज गेली, आठवत असेल. प्रभादेवीला आमची नवीकोरी टाकी होती : खाली सम्प म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, पाणी गार ठेवणारा चिलर, झाडांसाठी टायमरवर सीओटू गॅस, नऊ डिस्कस मासे. घरमालक लॉकडाऊनपासून गावी. माशांना खायला घालणारा मुलगा सकाळी येऊन गेलेला.

या धंद्यातल्यांना सांगायला नको, पण पंप बंद पडला की रिटर्न पाइपातून, म्हणजे सम्पमधलं पाणी वर टाकीत आणणाऱ्या पाइपातून, पाणी उलटं खाली ओढलं जातं. ते तोडायला पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक ठेवतात. हवा शिरली की ओढ थांबते. आम्ही ठेवलं होतं. त्या भोकात तांदळापेक्षा थोडी मोठी गोगलगाय जाऊन बसली होती. झाडांबरोबर आलेली, माझ्याच हातानं. पाइपाचं तोंड पंधरा सेंटीमीटर खाली, म्हणजे दीडशेच्या वर लिटर पाणी उतरलं. सम्पमध्ये जागा साठ लिटरची. उरलेलं शंभर लिटर लाकडी फ्लोअरिंगवर आणि तिथून खालच्यांच्या पीओपीवर.

फोन आला तेव्हा लोकलही बंद. भांडुपहून स्कूटर काढली. पोचेपर्यंत वीज आली होती, पंपानं सम्पमधलं होतं नव्हतं ते वर ढकललं होतं आणि कोरडा फिरून तो जळाला होता. मासे मजेत. खालच्या काकू मात्र जिन्यात उभ्या. त्या जे बोलल्या ते बरोबरच होतं.

भरपाईत टेम्पो गेला. तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्या गळक्या छताचा फोटो दोन दिवसांत माझ्याच गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर फिरला. खाली एक ओळ : ‘टाकी कुणाकडून घेताय ते बघून घ्या.’ तीन अॅडव्हान्स परत द्यावे लागले. फोटो कुणाचा, तर आमच्याकडे दोन वर्षं काम शिकून बाहेर पडलेल्या पोराचा. मितभाषी, खाली मान घालून चहा आणणारा. गोगलगायच म्हणा. नाव घेत नाही. पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणाऱ्या ड्रॉप चेकरचा निळा, हिरवा, पिवळा त्याला मी शिकवला. हिरवा म्हणजे सीओटू बरोबर, पिवळा दिसला की माशांचा श्वास कोंडायच्या आत गॅस कमी करायचा. टाकीवरचे दिवे बंद व्हायच्या आधी सोलेनॉइड, म्हणजे गॅसची विजेवरची झडप, बंद, हेही मीच.

त्या महिन्यात दादरच्या बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, 2011 पासून त्यांची चार फुटी टाकी आमच्याकडे. फोटो त्यांनाही आला होता. म्हणाल्या, “भोक एकच का ठेवलं होतंत?” उत्तर नव्हतं. “मग माझ्या टाकीला दोन पाडा. आणि वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे आत्ताच घेऊन जा.” बाईंच्या टाकीला कॅनिस्टर म्हणजे बंद डब्यातला फिल्टर आहे, तिथे त्या भोकाचा संबंधच नाही. मी बोललो नाही. पैसे घेतले.

तेव्हापासून आमच्या टाकीला दोन भोकं, पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली दोनच बोटं, आणि सुपूर्द करताना गिऱ्हाइकासमोर मेन स्विच पाडून दाखवतो. तुम्हीही कुणाकडून का घेईनात, स्विच पाडायला लावाच. आणि पहिल्या दिवशी मासे आणू नका. महिना-दीड महिना थांबा, माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट शून्यावर येऊ द्या. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत पाणी 32 अंशांवर जातं. झाडांवर एवढा खर्च करताय तर चिलरवर कंजुषी करू नका.

त्या पोराच्या टाक्यांना आता दोन भोकं असतात, असं ऐकतो.

गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. मुलुंडला आठ फुटी टाकी, चिलर किती क्षमतेचा बसवू, दादा? मी टाकीचे लिटर विचारले, खोलीला एसी आहे का विचारलं, चिलरची गरम हवा कॅबिनेटबाहेर काढायची कशी तेही सांगितलं. वीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, फोटोचं विचारायचं राहून गेलं.